शनवार तेल्यांची मुंबई

किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर, झिराडकर, चेऊलकर, दिवेकर, आष्टमकर, वाकरूळकर. माझगावच्या इस्रायली शाळेत एके काळी मास्तर सकाळची हजेरी घेत, तेव्हा अशी आडनावं एकामागून एक येत. डोळे मिटून ऐकलं तर वाटावं, कुणीतरी अलिबागच्या स्टँडवर उभं राहून गाड्यांच्या पाट्या वाचतंय. आडनावाच्या आधी मात्र सॅम्युअल, डेव्हिड, रिबेका, एझिकेल अशी नावं असत.

मुंबईच्या ज्यूंची गोष्ट सांगायला बसलं की माणसं बहुधा ससून गोदीपासून सुरुवात करतात. साहजिकच आहे, दगडात कोरलेलं नाव आधी नजरेत भरतं. मला मात्र ही गोष्ट मांडवीतल्या एका गर्दीच्या रस्त्यावरून सुरू करायची आहे. ससून घराणं मुंबईत उतरलं तेव्हा बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, या शहरात पाऊणशेहून अधिक वर्षं राहत होते, आणि त्याआधी कित्येक शतकं कोकणात. ससून पुढे लंडनला गेले. हे इथे राहिले, मराठीत वाढले, आणि दर पिढीला या शहराला एखादा शिक्षक, एखादी डॉक्टर, एखादा कवी देत राहिले.

त्यांची स्वतःची आठवण अशी: फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बुडालेल्यांना किनाऱ्यावरच माती दिली. ग्रंथ समुद्रात गेले, भाषा हळूहळू विसरली. वाचलेल्यांनी गावोगाव घाणे टाकले आणि तेल गाळायला लागले. शनिवारी मात्र त्यांचा घाणा फिरत नसे, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं ‘शनवार तेली’.

गलबत कधी फुटलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला त्याहून मोलाचं वाटतं ते ग्रंथ गेल्यावर उरलेलं. शब्बाथची सुट्टी उरली, मुलाची सुंता उरली, ‘शेमा’ ही एक प्रार्थना उरली. मासळी घ्यायची ती पर आणि खवले असलेलीच, हा नियम उरला. म्हणजे कोळंबी नाही, खेकडा नाही, मोरी नाही. कोकणात राहून कोळंबी न खाणं हे केवढं व्रत आहे, ते कोकणातल्या माणसालाच कळेल. सणांची हिब्रू नावं पुसली गेली होती, पण सण होते. रोश हशाना झाला ‘नव्याचा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळायचा दिवस झाला ‘बिरड्याचा सण’, कारण उपासानंतर पानात वालाचं बिरडं असे. नावंही कोकणी वळणाची झाली: सॅम्युअलचा सामाजी, अब्राहमचा आबाजी, बेंजामिनचा बनाजी.

पुढे डेव्हिड रहाबी नावाचा परदेशी ज्यू कोकणात आला. त्यानं बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली, त्यांनी खवल्यांची तेवढी वेगळी काढली, आणि त्याला खूण पटली, अशी कथा या समाजात सांगतात. त्यानंच काही जणांना हिब्रू शिकवून ‘काजी’ नेमलं. ओळख पटली ती मासळीच्या टोपलीतून, हे मला फार खरं वाटतं. धर्म बायकांनी चुलीपाशी सांभाळला होता.

१७४६च्या सुमारास दिवेकरांचं कुटुंब मुंबईत आलं. या समाजाच्या मुंबईतल्या वस्तीची सुरुवात तिथपासून मानतात. पाठोपाठ इतर आले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत, गोदीत, सुतारकामात शिरले. या दिवेकरांतला सामाजी हसाजी, म्हणजे सॅम्युअल एझिकेल, कंपनीच्या पलटणीत चढत चढत देशी कमांडंट झाला. म्हैसूरबरोबरच्या दुसऱ्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. कैद्यांना जात विचारली तेव्हा त्यानं ‘बेने इस्रायल’ असं सांगितलं. हा शब्द टिपूच्या आईच्या कानावर गेला. कुराणात ज्यांचं नाव येतं ते बनी इस्राईल आपण कधी पाहिले नाहीत, यांना मारू नका, असं तिनं म्हटलं आणि सामाजी वाचला, अशी परंपरेतली कथा आहे. सुटका झाली तर देवाचं घर बांधीन, असा त्याचा नवस होता.

नवस त्यानं फेडला. १७९६ साली मांडवीत ‘शार हरहमीम’, म्हणजे दयेचं द्वार, उभं राहिलं. बेने इस्रायलांचं हे पहिलं प्रार्थनामंदिर. तोवर कोकणात सगळं घरच्या घरीच चाले. रस्त्याला सॅम्युअल स्ट्रीट नाव पडलं. हे लोक प्रार्थनामंदिराला ‘मशीद’च म्हणत. १८४० साली दुसरं मंदिर झालं ती ‘नवी मशीद’, आणि सामाजीनं बांधलेली ‘जुनी मशीद’. जवळच्या मस्जिद स्टेशनाचं नाव या जुन्या मशिदीवरूनच आलं, असं पुष्कळ जण मानतात.

आज त्या भागात घाऊक बाजार आहे. हातगाड्या, पाठीवर पोती घेतलेले हमाल, ‘बाजू, बाजू’ अशी ओरड. दाराच्या आत पाऊल टाकलं की तो गलका मागे पडतो. सध्याची वास्तू १८६० सालची. मधोमध कठड्याचा चौथरा, तिथे उभं राहून तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, वाचतात. वर बायकांसाठी सज्जा, छतापासून लोंबणारे काचेचे दिवे. बाजूला एक खुर्ची, जिच्यावर माणूस कधी बसत नाही. ती एलियाहू हन्नावीची, म्हणजे एलिया प्रेषिताची. सुंतेच्या वेळी बाळाला आधी तिच्यावर टेकवतात. संकटात नवस बोलायचा तो एलियाहूला, आणि फेडायचा मलिद्यानं: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, सुका मेवा, वर फळं. ताटाकडे पाहिलं तर नवस कोकणातलाच वाटतो.

सामाजी स्वतः आपल्या मंदिरात फार दिवस बसला नाही. तोराच्या गुंडाळ्या आणायला तो कोचीनला गेला आणि १७९७ साली तिथेच वारला.

एकोणिसाव्या शतकात या समाजाला भूक लागली ती अक्षरांची. गंमत अशी की हिब्रूचं व्याकरण त्यांच्या हाती आलं ते ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्रायलांनी व्याकरण घेतलं आणि ते स्वतःच्या धर्माकडे परतण्यासाठी वापरलं.

जोसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४ ते १९०५) या पिढीतले. मुंबईतल्या डेव्हिड ससून शाळेत ते सुमारे चाळीस वर्षं मुख्याध्यापक होते. मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते. वीसहून अधिक हिब्रू प्रार्थनाग्रंथ त्यांनी मराठीत आणले. आजोबांनी न समजता म्हटलेली प्रार्थना नातवानं अर्थासकट म्हणावी, यासाठी आयुष्यभर रात्री दिवा लावून बसलेला हा माणूस. आपल्या भाषांतराच्या इतिहासात राजपूरकरांना स्वतंत्र पान मिळायला हवं होतं. ते मिळालेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

त्याच काळात, १८७४ साली, पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायची ‘हगादा’ मराठी भाषांतरासह छापली गेली. तिच्यातलं एक चित्र पाहण्यासारखं आहे. बिनखमिराच्या भाकरी करायचं काम चाललंय, आणि त्या करणाऱ्या बायका लुगडी नेसून जमिनीवर बसल्यात. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटकेची कथा सांगणाऱ्या पोथीत आपल्या माजघराचं चित्र! १८८० साली मुंबईतल्या काही मंडळींनी याहून पुढचं पाऊल टाकलं आणि हरदासी कीर्तन सुरू केलं. आख्यान अब्राहमाचं किंवा योसेफाचं, चाली साकी-दिंडीच्या. ऐकायला बायकापोरं लोटत.

हाईम सॅम्युअल किहीमकर यांचं काम या सगळ्याच्या मध्यभागी आहे. जन्म १८३०चा. त्यांनी १८७५ साली मुंबईत समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. आधी ती लहानशी मराठी शाळा होती, मग वर्ग वाढत हायस्कूल झालं. पैसा कारकून, सुतार, शिपाई यांच्या घरांतून उभा करायचा होता आणि ही घरं गरीब होती. किहीमकर वर्षानुवर्षं दारोदार फिरले. शिवाय दिवसभराचं काम आटोपून त्यांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. सणांची कोकणी नावं, लग्नातले विधी, हळद, घाण्याच्या आठवणी, पलटणीतल्या सुभेदारांच्या याद्या, सगळं त्यांनी टिपून ठेवलं. हस्तलिखित १८९७ साली पुरं झालं. ते छापलं गेलं १९३७ साली, तेही तेल अवीवला. किहीमकर तेव्हा हयात नव्हते. वर मी बिरड्याच्या सणाविषयी लिहिलं, ते आज आपल्याला ठाऊक आहे ते त्यांच्या लेखणीमुळे.

त्यांच्या शाळेला पुढे सर एली कदूरी यांचं नाव मिळालं. कदूरी हे बगदादचे, तरुणपणी ससूनांच्या पेढीत नोकरीला लागून मुंबईमार्गे हाँगकाँगला गेलेले आणि तिथे अमाप पैसा मिळवलेले. त्यांच्या देणगीतून शाळा सावरली. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत १९२२पासून रिबेका रूबेन बसल्या आणि १९५०पर्यंत त्यांनी शाळा चालवली. त्या इतिहासाच्या अभ्यासक होत्या, समाजाच्या वार्षिकांचं संपादन त्यांनी केलं होतं. अठ्ठावीस वर्षं एक बाई एक शाळा चालवते, म्हणजे किती पिढ्यांच्या पाटीवर तिचं अक्षर उमटलं असेल.

आता ससूनांकडे. डेव्हिड ससून बगदादचे. तिथल्या सुभेदाराच्या जाचाला कंटाळून बाहेर पडले आणि १८३२च्या सुमारास मुंबईत स्थिरावले. त्यांच्या पैशाचा मोठा भाग माळव्याची अफू चीनला विकून आला. हे मोकळेपणानं सांगितलं पाहिजे, कारण त्यांच्या दानधर्माच्या वास्तू आजही आपल्या उपयोगी पडतात आणि त्यामागे चीनमधल्या कुणाच्या तरी घराची राखरांगोळी आहे. भायखळ्याचं मागेन डेव्हिड मंदिर १८६१चं. काळा घोडा इथलं डेव्हिड ससून वाचनालय टांकसाळ आणि गोदीतल्या तरुण कारागिरांनी १८४७ साली सुरू केलेल्या संस्थेतून वाढलं, आणि आजची इमारत १८७० साली पुरी झाली. पुण्याचं ससून रुग्णालय १८६७चं. मुलगा अल्बर्ट यानं कुलाब्याला १८७५ साली ससून गोदी बांधली. तिथे पहाटे मासळीचा लिलाव लागतो तेव्हा कोळणींच्या तोंडी हे बगदादी नाव इतकं मराठी होऊन येतं की ते परकं वाटतच नाही. ‘काळा घोडा’ हे नावही अल्बर्टनं शहराला दिलेल्या, प्रिन्स ऑफ वेल्सच्या घोड्यावरच्या पुतळ्यावरून पडलं. पुतळा १९६५ साली राणीच्या बागेत हलवला, नाव तिथेच राहिलं.

बगदादी आणि बेने इस्रायल यांचं सख्य होतं असं म्हणता येणार नाही. बगदादी मंडळींनी १८३६ साली सरकारकडे अर्ज केला की ज्यूंच्या कबरस्तानात मधे भिंत घालावी, त्यांचे मृत आणि आमचे मृत वेगळे राहावेत. प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत ते बेने इस्रायलाला धरत नसत. आणि बेने इस्रायल स्वतःही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद पाळत, बाहेरच्या बायकांच्या पोटी झालेल्यांना दूर ठेवत. ज्यांना ग्रंथाविना धर्म राखता आला, त्यांना ही गावची जातपात मात्र टाकता आली नाही.

ससूनांपैकी मला जवळची वाटते ती फ्लोरा. १८९४ साली पती सॉलोमन गेले आणि पस्तीस वर्षांच्या या विधवेनं मुंबईची पेढी आपल्या हाती घेतली. त्या काळात बाई पेढीवर बसते, बाजारभाव ठरवते, हे मुंबईनं पाहिलं नव्हतं. हिब्रू धर्मग्रंथांत तिची गती शास्त्र्यांइतकी होती. दोन वर्षांतच शहरावर आभाळ कोसळलं. १८९६च्या सप्टेंबरात गोमंतकीय डॉक्टर अकासियो व्हिएगस यांना मांडवीत, त्याच सामाजीच्या मांडवीत, प्लेगचे रोगी सापडले. लोक शहर सोडून पळू लागले. सरकारनं वाल्डेमार हाफकिन यांना बोलावलं. ते ओडेसाचे ज्यू आणि कॉलऱ्याच्या लशीवर काम केलेले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत बसून त्यांनी काही आठवड्यांत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली.

लस तयार होती, टोचून घ्यायला कुणी धजत नव्हतं. फ्लोरानं सगळ्यांच्या देखत टोचून घेतली आणि इतरांना धीर दिला. अफवांनी भरलेल्या शहरात पुढे केलेला तो एक दंड सरकारी फर्मानांपेक्षा अधिक बोलला असणार. परळची प्रयोगशाळा १९२५पासून हाफकिन यांच्या नावानं ओळखली जाते. फ्लोरा १९०१ साली मुंबई सोडून लंडनला गेली.

डॉ. जेरुशा झिराड यांच्यापाशी मी जरा अधिक थांबणार आहे. जन्म १८९१, शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत. लहानपणी मोठी बहीण अत्यवस्थ झाली आणि मुंबईच्या कामा रुग्णालयात वाचली. बायकांनी चालवलेलं बायकांचं ते इस्पितळ पाहून या मुलीनं ठरवलं की आपण डॉक्टर व्हायचं. ती ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकली. पण पास झाल्यावर कळलं की कामा रुग्णालयात निवासी डॉक्टरची जागा हिंदी बाईला देत नाहीत. मग टाटांच्या कर्जाऊ शिष्यवृत्तीवर ती लंडनला गेली. पुढे परदेशी शिक्षणासाठी हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळालेली ती पहिली हिंदी स्त्री ठरली. १९१९ साली लंडनची एम. डी. पदवी घेतली. परत आल्यावर दिल्ली, बंगळूर अशी कामं केली आणि १९२८ साली कामा रुग्णालयाची अधीक्षक झाली. तिथे नेमलेली ती पहिली हिंदी स्त्री, आणि १९४७पर्यंत ती त्या खुर्चीत होती.

त्या काळात बाळंतपणात बाई दगावली तर घरचे म्हणत, नशीब. डॉ. झिराड यांनी नशिबाचा हिशेब मांडला. मुंबईतल्या मातामृत्यूंची पाहणी करून त्यांनी अहवाल लिहिला, तो १९४१ साली प्रसिद्ध झाला. बाई कोणत्या कारणानं गेली, किती उशिरा इस्पितळात आली, आधी कुणी तपासली होती का, असे प्रश्न एकेका मृत्यूमागे विचारायची ही शिस्त होती. देशातल्या प्रसूतितज्ज्ञांच्या महासंघाच्या स्थापनेत त्या पुढे होत्या. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या समाजातल्या बायकांसाठी त्यांनी लंडनहून परतण्याची वाट पाहिली नाही. १९१३ सालापासूनच त्यांचं नाव बेने इस्रायल स्त्री मंडळाशी जोडलेलं आहे. १९२५ साली उदारमतवादी ज्यू धर्मसंघटना मुंबईत आणण्यात त्यांचा हात होता. बाई प्रार्थनेला सज्जातच का बसते, हा प्रश्न त्या संघटनेच्या मुळाशी होता. झिराड हे अलिबाग तालुक्यातलं गाव. आडनावात ‘कर’ नसलं तरी हे नाव उच्चारताना गाव पायाखाली येतंच.

त्याच पिढीत एरूलकर बंधू होते. बॅरिस्टर डेव्हिड एरूलकर १९१६ साली लोकमान्य टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्यात जिनांबरोबर बचावाला उभे होते आणि टिळक त्या खटल्यातून सुटले. भाऊ अब्राहम हे नामांकित डॉक्टर, गांधीजींच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणाऱ्यांपैकी. अब्राहम यांची मुलगी लीला पुढे ग्लाफकॉस क्लेरिडिस यांच्याशी लग्न करून सायप्रसला गेली आणि तिथल्या राष्ट्राध्यक्षांची पत्नी म्हणून दहा वर्षं वावरली. १९३७-३८ साली डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर मुंबईचे महापौर झाले. महालक्ष्मीहून वरळी नाक्याकडे जाताना टॅक्सीवाला ‘ई मोझेस रोड’ म्हणतो, तो रस्ता त्यांचा.

चित्रपटाकडे वळलं की नावांची गर्दी होते. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, तो जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकावरून लिहिलेला. मूकपटांची राणी सुलोचना, म्हणजे पुण्यात जन्मलेली रूबी मायर्स, आधी टेलिफोन ऑपरेटर होती. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये तिनं आठ भूमिका केल्या. १९७३ साली तिला दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. कोलकात्याची एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम इथे येऊन प्रमिला झाली आणि १९४७ साली पहिली मिस इंडिया ठरली. फ्लोरेन्स एझिकेल ‘आन’मधून नादिरा झाली. घरंदाज हिंदू-मुसलमान घरं मुलींना कॅमेऱ्यासमोर पाठवत नव्हती तेव्हा या मुली उभ्या राहिल्या, नावं बदलून आणि नातेवाइकांची नाराजी सोसून. पुढच्या पिढ्यांतल्या नट्यांची वाट त्यामुळे सोपी झाली.

आणि डेव्हिड. डेव्हिड अब्राहम चेऊलकर, जन्म १९०९, ठाणे. ‘बूट पॉलिश’मधला जॉनचाचा आठवला की अजून गळा दाटतो. रस्त्यावरच्या दोन पोरांना भीक मागू नका, कष्ट करा, असं सांगणारा तो बुटका, टकला, लंगडा माणूस. त्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, १९६९ साली पद्मश्री. ‘गोलमाल’ आणि ‘बातों बातों में’ पाहणाऱ्या पिढीलाही ते घरातले काका वाटले. चेऊल म्हणजे आपलं चौल, हे मात्र सिनेमा पाहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

तीसच्या दशकात हिटलरच्या भयानं पळालेले काही युरोपीय ज्यूही मुंबईत आले. त्यांच्यातले वॉल्टर कॉफमन रेडिओवर काम करत. आकाशवाणीची ती सकाळची धून त्यांची. कोकणात, माळरानावर, चाळीत, देशभर कोट्यवधींची पहाट एका निर्वासिताच्या सुरांनी झाली. व्हिएन्नाहून आलेले इमॅन्युएल श्लेसिंजर यांनी सूझा, रझा, हुसेन, आरा या मंडळींची चित्रं विकत घेतली, तेव्हा ती घेणारं दुसरं फारसं कुणी नव्हतं.

१९४८नंतर घरं रिकामी होऊ लागली. विसाव्या शतकाच्या मध्याला वीसेक हजारांच्या घरात असलेला हा समाज बहुतांशी इस्रायलला गेला. कुणी हाकललं नव्हतं. शेजाऱ्यांनी बोटीपर्यंत सोबत केली. तिकडे गेल्यावर मात्र धर्मपंडितांनी त्यांच्या लग्नांवर शंका घेतली, हे शुद्ध ज्यू आहेत का असा प्रश्न केला. उपोषणं, निदर्शनं झाली, आणि १९६४ साली तिथल्या संसदेनं त्यांच्या बाजूनं ठराव केला तेव्हा कुठे हा प्रश्न मिटला. कोकणातल्या गावानं कधी विचारला नव्हता असा प्रश्न त्यांना त्या भूमीत ऐकावा लागला. तिथे गेलेल्यांनी मराठी सोडली नाही. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी इस्रायलमध्ये चालवलं.

जे मागे राहिले ते आपल्या कामात राहिले. व्हाइस ॲडमिरल बेंजामिन सॅमसन १९६५च्या युद्धाच्या वेळी नौदलाच्या ताफ्याचे प्रमुख होते, पुढे माझगाव गोदी त्यांनी सांभाळली. ज्युडा रूबेन मुंबई पोलिसांत बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ होते आणि सुट्टी काढून कसोटी सामन्यांत पंच म्हणून उभे राहत. १९६९ ते १९७७ या काळात त्यांनी दहा कसोट्यांत पंचगिरी केली. आज महाराष्ट्रात उरलेल्यांपैकी बरेच जण ठाण्यात आहेत. टेंभी नाक्याजवळचं त्यांचं मंदिर १८७९चं. २०१६ साली राज्य सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

मागे राहिलेल्यांत निस्सीम एझिकेल होते. जन्म १९२४. वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, आई स्वतःची शाळा चालवणारी. १९४८ साली निस्सीम लंडनला गेले, तळघरात राहिले, कविता लिहिल्या, आणि परतीच्या भाड्याला पैसे नव्हते म्हणून मालवाहू बोटीवर डेक घासत १९५२ साली मुंबईला आले. त्यानंतर राहायला कुठे गेले नाहीत. घाणा ओढणारे पूर्वज त्यांच्या कवितेत येतात, आईला विंचू चावला ती पावसाळी रात्र येते, इराण्याच्या हॉटेलातली माणसं येतात. भारतीय इंग्रजी कवितेला बोलीचा सूर त्यांनी दिला. १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्कार, १९८८ साली पद्मश्री.

न्यू मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलमध्ये ‘पेन’ या लेखकांच्या संस्थेची छोटी खोली होती. निस्सीम तिथे बसत. कुणीही कवितांची वही घेऊन यावं. ते पेन्सिल हाती घेऊन ओळीओळीवर बोलत. फाजील शब्दाखाली रेघ येई, चांगल्या ओळीशेजारी बारीक खूण. बरी कविता असली तर स्तुती मोजकीच, वाईट असली तरी परत यायला सांगत. गीव्ह पटेल यांचा पहिला संग्रह १९६६ साली निस्सीम यांनीच छापला.

पुढे वृंदा नाबर यांच्याबरोबर बसून त्यांनी इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या. एकेक मराठी शब्द नीट समजून घ्यायचा, मग त्याच्या जवळ जाणारा इंग्रजी शब्द शोधायचा, न जमला तर पान बाजूला ठेवायचं. राजपूरकरांनी हिब्रू मराठीत आणायला आयुष्य घातलं होतं. आता त्यांच्याच समाजातला कवी बेळगावच्या एका बाईची मराठी कविता जगापुढे ठेवायला निघाला होता. कागदांच्या ढिगात संतांची पानं वर असत, आणि दाराशी वही छातीशी धरून एखादा नवा मुलगा उभा असे. निस्सीम मान वर करून त्याला समोरच्या खुर्चीत बसायला सांगत.